पेंग्विन बघून झाले? आता इकडे या!

राणीच्या बागेत जायचं म्हटलं की घरात काय गडबड उडते! डबे भरायचे, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, धाकट्याची टोपी शोधायची. आणि २०१७ पासून तर विचारूच नका. भायखळ्याच्या फाटकातून आत शिरल्याबरोबर सगळी पलटण धावत सुटते ती थेट पेंग्विनच्या काचेपाशी! या धावपळीत फाटकालगतची एक जुनी, देखणी इमारत बिचारी मागेच राहते.

दोस्तांनो, हे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यांत जुनं. आणि जुनं म्हणजे नुसतं वयानं म्हातारं नव्हे, बरं का! या संग्रहालयानं इतके हाल सोसले आहेत की ते आज उभं आहे, याचंच नवल वाटावं.

झालं असं. १८५१ साली लंडनला आणि १८५५ साली पॅरिसला जगभरच्या वस्तूंची मोठमोठी प्रदर्शनं भरली. तिकडे पाठवण्यासाठी आपल्याकडे सुंदर सुंदर वस्तू जमवल्या गेल्या. मग कुणाच्या तरी मनात आलं, अशाच वस्तू मुंबईच्या लोकांनाही बघायला मिळायला हव्यात. त्यासाठी फोर्टातल्या एका बराकीत छोटंसं संग्रहालय सुरू झालं. पण दोनच वर्षांत १८५७ चा उठाव झाला. सैन्याला राहायला ती बराक हवी होती. झालं! सामान बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. हे काम इतक्या घाईनं आणि आडदांडपणे झालं की जमवलेल्यापैकी बहुतेक वस्तूंचा नाश झाला.

पुढच्याच वर्षी मुंबईकरांनी सभा घेतली आणि वर्गणी जमवायला सुरुवात केली. या खटपटीत पुढे होते नाना शंकरशेठ, डॉ. बर्डवुड आणि आपले डॉ. भाऊ दाजी. हे भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. धंद्यानं डॉक्टर, पण नाद जुने शिलालेख वाचण्याचा! अजिंठ्याच्या लेण्यांतले लेखसुद्धा त्यांनी अभ्यासले. १८६२ मध्ये इमारतीचा पाया घातला गेला. पुढे कापसाच्या तेजीत फुगलेला मुंबईचा शेअरबाजार १८६५ मध्ये कोसळला, भले भले शेठ कंगाल झाले आणि बांधकाम रखडलं. अखेर सरकारनं ते पुरं केलं. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट यांचं नाव होतं; भाऊ दाजींचं नाव मिळायला १९७५ साल उजाडलं.

एवढं होऊनही हाल संपले नव्हतेच. विसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतीची पार रया गेली होती. २००३ मध्ये महापालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले आणि दुरुस्ती सुरू झाली. रंगांच्या पुटांखाली दडलेलं मूळचं नक्षीकाम बाहेर काढलं, सोन्याचा मुलामा पुन्हा चढवला. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

आता आत काय आहे? सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला विचाराल तर मातीच्या छोट्या छोट्या माणसांपाशी थांबा. वेगवेगळ्या समाजांचे लोक, त्यांचे पोशाख, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, कामात गढलेले कारागीर! सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे प्रमुख संग्रहालयाचे क्युरेटर असताना, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, यातली पुष्कळशी तिथल्या विद्यार्थ्यांनी घडवली. राजेरजवाड्यांचे मुकुट सगळीकडे बघायला मिळतात हो. आपल्या पणजोबांनी डोक्याला काय बांधलं होतं ते इथे दिसतं. आपल्या घरच्या जुन्या फोटोत तशी पगडी सापडते का, ते जरूर शोधा.

या वस्तू नुसत्या कपाटात बसून राहत नाहीत. संग्रहालय शनिवार-रविवारी मुलांसाठी कार्यशाळा भरवत आलं आहे. तिथे माती, कागद, रंग यांचं काम स्वतःच्या हातांनी करायचं. कपाटावर ‘हात लावू नये’ अशी पाटी आणि शेजारी हात बरबटवायची परवानगी, आहे की नाही गंमत? मार्गदर्शकाबरोबरच्या फेऱ्याही असतात, मराठीतूनसुद्धा. आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून जुन्या वस्तूंच्या सोबतीला नव्या कलाकृती मांडायला सांगतात. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी इथे चक्क परांची उभी केली होती! रंगाऱ्यांची असते तशी, बांबूची वाटणारी, पण होती राळेसारख्या पदार्थातून ओतलेली. इतकी वर्षं दुरुस्ती सोसलेल्या इमारतीत पुन्हा परांची पाहून कुणी दचकलंही असेल!

आई-बाबांना एक विनंती. वीस मिनिटांत ‘चला, बघून झालं’ असं म्हणू नका. एकाच फेरीत सगळं बघायचा अट्टहासही नको. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्या. एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढू द्या, मग भले अर्धा तास लागो. आजी-आजोबा सोबत असतील तर फारच छान. काही वस्तूंची नावं पाटीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतात. कार्यशाळांचे दिवस बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

बाहेर पडताना आवारातला दगडी हत्ती चुकवू नका. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला निघाले. क्रेननं उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले! ते तुकडे भायखळ्याला आणले आणि १९१४ मध्ये जोडले. त्याच्याभोवती एक चक्कर मारा आणि सांधे कुठे दिसतात ते शोधा.

आणि हो, बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी संग्रहालयही बंद असतं आणि पेंग्विनही भेटत नाहीत!