भिंतीआडचे तण

जर्मनीतील म्यून्स्टर नगरात, राजवाड्यालगतच्या उद्यानात, विटांची एक गोल भिंत उभी आहे. उंची सुमारे ३ मीटर, व्यास सुमारे १४ मीटर. तिला दार नाही. चार दिशांना चार लंबगोल गवाक्षे आहेत, त्यांतून केवळ पाहावयाचे. आत आपोआप रुजलेल्या वनस्पती आहेत. एरवी उद्यानाच्या माळ्याने त्या तण म्हणून उपटल्या असत्या. भिंतीवर मात्र सोनेरी अक्षरांत, संस्कृतात, ईशोपनिषदाचा शांतिपाठ कोरलेला आहे.

१९९७ साली ही वास्तू उभारणारे हेर्मान द फ्रीस हे डच कलावंत १९३१ साली जन्मले. शिक्षण उद्यानविद्येचे, प्रारंभीची नोकरी वनस्पतिसंरक्षण खात्यात. १९७० साली ते बव्हेरियातील श्टायगरवाल्ड अरण्यालगतच्या एशेनाउ खेड्यात स्थायिक झाले. रोमन लिपीतील मोठे अक्षर उच्चनीचता दर्शविते म्हणून ते स्वतःचे नावही लहान अक्षरांतच लिहितात. आपल्या देवनागरीस ही चिंता नाही!

कुंचल्याचा त्यांना फारसा मोह नाही. रानातील वनस्पती वाळवून, दाबून ते कागदावर मांडतात. एकाच जातीची पाने शेजारी शेजारी लावली की कोणतीही दोन सारखी नसतात, हे सामान्य प्रेक्षकालाही उमगते. १९८९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'नॅचरल रिलेशन्स' हे पुस्तक औषधी आणि चित्तावर परिणाम करणाऱ्या वनस्पतींशी असलेल्या मानवाच्या नात्याविषयी आहे. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी जमिनीवर १०८ पौंड वाळलेल्या गुलाबकळ्यांचे वर्तुळ मांडले होते. आपल्या औषधालयांत हीच गुलाबकळी पोत्यात बंद असते. तिच्याकडे आपण किती वेळ पाहतो?

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो. वनौषधींची नामरूपे गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. आम्ही मात्र ती पोत्यावरच्या चिठ्ठीवरून जाणतो. पुनर्नवेच्या नावाखाली वसू येते, भुईआवळी म्हणून तिच्या बहिणी येतात. चूर्ण झाल्यावर नजरेने निवाडा करणे जवळजवळ अशक्य. गतवर्षी एका विद्यार्थ्याने रस्त्याकडेची दोन रोपे आमच्यापुढे ठेवून यांतील पुनर्नवा कोणती, असे विचारले. उत्तर देण्यास आम्हांला ग्रंथ उघडावा लागला. तीस वर्षांच्या व्यवसायानंतर!

आमच्या चिकित्सालयामागील मोकळी जागा दर पावसाळ्यात खुरपून स्वच्छ करण्याचा परिपाठ होता. यंदा कुंपणालगतची दहा फुटांची पट्टी आम्ही तशीच राखली. आघाडा आला, माका आला, भिंतीच्या कडेने पुनर्नवेचे वेल पसरले. फुलावर आल्यावर एकेक रोप मुळासकट उपटून, दाबून, कागदावर लावले. खाली स्थळ, तिथी आणि नाव लिहिले. एका रोपाच्या नावाची जागा अद्याप कोरी आहे.