वाघ बघायला जाताना

सुट्टी लागली की आपण गटातल्या बाया मिळून गाडी करतो, शिधा आणि सतरंज्या घेतो आणि ताडोबाला निघतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो, म्हणून गर्दीही तेव्हाच.

निघण्याआधी सफारीचं ऑनलाइन बुकिंग करा. कोअर भाग मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यातही बंद असतो. जंगलात तंबू ठोकायचा नाही, चूल पेटवायची नाही. मुक्काम आणि स्वयंपाक गेटबाहेर, मोहर्ली किंवा कोलारा गावाच्या बाजूला.

आता मुद्द्याचं. वाघ दिसला की सगळ्या जिप्सी तिकडे धावतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात असंच झालं. वाघीण पिल्लं घेऊन चालली होती आणि गाड्यांनी दोन्हीकडून तिची वाट अडवली. उच्च न्यायालयाने दखल घेतली. कारवाई झाली ती चालकांवर आणि गाईडवर.

हे गाईड जंगलालगतच्या गावांतलेच असतात. ताडोबात तर बायकाही हे काम करतात. "दादा, अजून जवळ घ्या ना," असा आग्रह आपण करतो, पण नियम मोडला की रोजी त्यांची जाते. आणि बिथरलेल्या वाघिणीशी गाठ पडते ती मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईची.

म्हणून गटाच्या बैठकीतच ठरवू या: गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, जवळ जायचा हट्ट धरायचा नाही. वाघ नाही दिसला, तर चितळ, गवे, मोर बघू.