आंबा लावायचा तर पट्टा हवा

उन्हाळा सरत आला की कासा-तलासरी पट्ट्यातल्या शेतांतून धूर दिसू लागतो. भाताचं बी जिथं टाकायचं, तेवढ्या तुकड्यावर वारली शेतकरी राब रचतो. खाली शेण, त्यावर ऐनाचा टहाळ, मग पाचोळा-गवत आणि वर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावतात, म्हणजे ती भडकत नाही, सावकाश भाजत जाते. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतला पालाश रोपाला मिळतो.

पूर्वी हीच आग डोंगरउतारावर फिरत असे. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत या शेतीला दळी म्हणत. झुडपं तोडून जाळायची, राखेत नागली-वरई पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून पुढं जायचं. सोडलेल्या जागी रान पुन्हा माजे. या पद्धतीला भांडवल लागत नव्हतं. लागत होता मोकळा डोंगर आणि पडीक ठेवायला पुरेशी वर्षं.

दोन्ही गेलं. 1878च्या वन कायद्यानंतर डोंगर राखीव होत गेले. 1927च्या कायद्यानं तर फिरती शेती हा हक्क नसून सरकारनं दिलेली, हवी तेव्हा काढून घेता येणारी सवलत ठरवली. सपाटीची भातजमीन तोवर सावकार-जमीनदारांच्या घशात गेली होती. 23 मे 1945 रोजी तलासरीतल्या झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उठले. वेठ संपली, पण उतारावरच्या वरकस जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. जंगलातले तुकडे एकसाली म्हणून कसायला मिळत. दर वर्षी नव्यानं मिळणाऱ्या तुकड्यावर माणूस नागली पेरतो. आंबा कोण लावील?

झाडं लावण्याचं तंत्र तसं अवघड नाही. बायफसारख्या संस्थांनी गुजरातेतल्या वांसदा-धरमपूरकडे आणि पुढं जव्हार भागात वाडीची पद्धत रुजवली. एकरभर उतारावर दहा-दहा मीटरवर आंब्याची कलमं लावली तर चाळीसेक बसतात, काजू त्याहून दाट. कडेनं बांबू, गिरिपुष्प, साग यांचं कुंपण. मधल्या पट्ट्यांत नागली, उडीद, तूर चालूच राहते, म्हणून फळ येईपर्यंतच्या चार-पाच वर्षांत घरात धान्य येतं. राबालाही पर्याय आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला तीस किलो या प्रमाणात चिखलणीच्या वेळी गाडतात आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात. ऐनाची फांदी झाडावर राहते.

घोडं अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं पाणी. पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. कलमांना पाणी हवं असतं ते माघापासून जेठापर्यंत. नेमक्या याच काळात अनेक घरं वीटभट्टीवर किंवा गुजरातच्या बाजूला कामाला जातात. मागं कलमं सुकतात, गुरं शेंडे खातात, वणवा उरलेलं नेतो. म्हणून वाडी द्यायची तर शेततळं, बांध आणि पाणी घालायला घरी राहणाऱ्या माणसाची मजुरी यांसह द्यावी लागते.

दुसरं, पट्टा, म्हणजे कसत्या जमिनीच्या हक्काचा कागद. नागालँडमधल्या खोनोमा गावी झूम म्हणजे फिरत्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या आल्डर राखतात. झाड मुळांतून नत्र देतं आणि बुंधा राखून छाटलं की पुन्हा फुटतं. पण तिथली जमीन गावाची-कुळाची आहे. इथं तसं नाही. डहाणूत कसत्या वनजमिनीच्या हक्काचं भांडण आदिवासींच्या कष्टकरी संघटनेनं लढवलं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2006च्या वनहक्क कायद्यानं 13 डिसेंबर 2005पूर्वीच्या कसवणुकीला चार हेक्टरपर्यंत मान्यता दिली. कागद नसेल तर वडीलधाऱ्यांची साक्ष, बांध-विहीर हेही पुरावे धरले. 2018च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येनं होते आणि वनजमिनीचे प्रलंबित दावे ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

या कायद्यातली एक तरतूद वाडीसाठी फार मोलाची आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. ज्या रस्त्यानं वारल्यांची भातजमीन सावकाराकडे गेली, तो इथं बंद आहे. तेव्हा फिरती शेती सोडा असं डोंगरावर सांगायला जाणाऱ्या प्रत्येक योजनेनं कलमांची मोळी उतरवण्याआधी त्या घरच्या दाव्याची फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे, ते विचारावं.