घराचा गारवा आणि घराचा खर्च

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षीं हटकून निघतो. यंदा कूलर घ्यावा, कीं वातानुकूलन यंत्रच घेऊन टाकावें? शेजारच्या बिर्‍हाडीं काय आलें तें पाहून, दुकानांतील सवलतीची पाटी वाचून, किंवा परगांवच्या नातलगाची शिफारस ऐकून बहुधा निर्णय होतो. आणि पुष्कळदां विजेचें बिल हातीं पडल्यावर तो चुकला असें ध्यानांत येतें. येथें प्रश्नच उलट्या टोंकाकडून विचारला जातो. यंत्र कोणतें घ्यावें हा शेवटचा प्रश्न होय. त्याच्या आधीं दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळावयास हवींत. घरांत उष्णता येते कोठून? आणि गांवची हवा कोरडी कीं दमट?

गारवा ही केवळ चैनीची वस्तु आहे, असें समजणें आतां धोक्याचें झालें आहे. इ. स. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेस उष्णतेची प्रचंड लाट आली, पारा ४६ अंशांच्या पुढें गेला, आणि त्या एका महिन्यांत नेहमींच्या मानानें तेराशेंहून अधिक मृत्यु जास्त घडले, असें पुढील अभ्यासांत आढळून आलें. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेशीं सामना देण्याची रीतसर योजना आंखली. दिवसभर तापलेलें शरीर रात्रीं निवावें लागतें. रात्रही तापलेलीच राहिली, तर वृद्ध माणसें, तान्हीं मुलें व दुखणाईत यांच्या हृदयावर ताण पडत जातो. तेव्हां घरांतील निदान एक खोली रात्रीं निजण्याजोगी थंड असणें, ही आरोग्याची गरज आहे. ती थोडक्या खर्चांत कशी भागवावी, एवढाच विचार उरतो.

प्रथम उष्णतेची वाट पाहावी. वरच्या मजल्यावरील घरांत ती मुख्यतः छतांतून येते. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि तें ऊन सावकाश खालीं झिरपत संध्याकाळीं खोलींत उतरतें. म्हणूनच सूर्य मावळल्यावरही असल्या घरांत अंगाची लाही होत राहते. जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या भिंती हेंच काम इतक्या संथपणें करीत, कीं उष्णता आंत पोहोंचेपर्यंत बाहेर रात्रीचा गार वारा सुटलेला असे. आजच्या पातळ स्लॅबला ती सोय नाहीं. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परतविणार्‍या पांढर्‍या रंगाचा हात देणें. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेनें परत धाडतो, आणि खालच्या खोलीचें उष्णतामान कांहीं अंशांनीं उतरतें. सहकारी गृहसंस्थेंत हा खर्च सर्वांनीं वांटून घेतल्यास कोणासच जड जात नाहीं.

छतानंतर पश्चिमेच्या खिडक्या. दुपारचें तिरपें ऊन कांचेतून आंत आलें, कीं तें आंतच अडकून पडतें. येथें एक साधी गोष्ट विसरली जाते. पडदा कांचेच्या आंतल्या बाजूस असेल, तर ऊन खोलींत येऊन मगच अडतें. तोच बांबूचा चिकाचा पडदा किंवा छज्जा बाहेरच्या बाजूस असेल, तर ऊन खोलींत शिरतच नाहीं. कोरड्या हवेच्या गांवीं दिवसा खिडक्या मिटून रात्रीं समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. किनार्‍यावर मात्र रात्र फारशी थंड होत नसल्यामुळें वारा खेळता ठेवणें हेंच महत्त्वाचें ठरतें.

यानंतर पंखा. पंखा हवा थंड करीत नाहीं. अंगावरचा घाम लौकर वाळवितो, आणि घाम वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. म्हणून रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा ही निव्वळ उधळपट्टी होय. शिवाय हवा ४० अंशांच्या पलीकडे तापलेली असतां नुसत्या पंख्याचा झोत शरीराला निवविण्याऐवजीं तापवूं शकतो. तेव्हां अंगावर ओलें फडकें घेणें किंवा अन्य उपाय करणें अवश्य आहे. इतर वेळीं पंख्याइतकें स्वस्त साधन दुसरें नाहीं. मात्र पंख्यांतही निवड आहे. जुन्या धर्तीच्या छताच्या पंख्याला सुमारें ७५ वॅट वीज लागते, तर बीएलडीसी जातीच्या नव्या पंख्याला ३० च्या आसपास. रोज १२ तास याप्रमाणें वर्षांतील ३०० दिवस पंखा चालला, तर एका पंख्यामागें १६२ युनिटें वांचतात. सोयीसाठीं युनिटास १० रुपये दर धरला, तर ही बचत वर्षाला १,६२० रुपयांची होते. दोन पंख्यांच्या किमतींतील अंतर अशा रीतीनें एकदोन वर्षांत भरून निघतें. घरांतील दुसर्‍या कोणत्याही यंत्रावर केलेला खर्च इतक्या लौकर क्वचितच परत येतो.

आतां कूलरकडे वळावें. त्याचें सारें रहस्य घरोघरच्या माठांत आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, हवेंत विरतें, आणि विरतांना लागणारी उष्णता माठांतूनच घेतें. तोच माठ नागपुरास पाणी गारेगार करितो आणि रत्नागिरीस नुसतें निववितो, हा अनुभव सर्वश्रुत आहे. माठ तोच, हवा निराळी. हवेंत आधींच ओलावा भरलेला असेल, तर ती आणखी पाणी घेणार कोठून? कूलर हा पंखा जोडलेला माठच होय.

किती गारवा मिळेल हें अगोदर सांगतां येतें. उष्णतामापकाच्या पार्‍याच्या गोळ्यास ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घेतला, कीं पारा एका ठराविक अंकापर्यंत उतरतो. त्याच्या खालीं कोणताही कूलर हवा नेऊं शकत नाहीं. विदर्भांत मे महिन्याच्या दुपारीं हवा ४४ अंश असून तींत ओलावा शेंकडा १५ असला, तर हा ओला अंक सुमारें २३ येतो, आणि चांगला कूलर २८ ते २९ अंशांची हवा देतो. मुंबईस ३४ अंश व शेंकडा ६५ ओलावा असतां ओला अंक २८ च्या पुढें राहतो, आणि कूलरची हवा कष्टानें ३० पर्यंत उतरते. तीही इतकी ओलसर, कीं अंगावरचा घाम वाळेनासा होतो. नागपूरकराला हें पटविण्यासाठीं मुंबईपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मृगाच्या सरी कोसळल्या, कीं जो कूलर मे महिन्यांत जीव कीं प्राण होता, तोच घरांत नुसता दमटपणा पसरवूं लागतो.

कोरड्या हवेंत मात्र हें साधन फार काटकसरीचें आहे. एक लीटर पाणी हवेंत विरतांना सुमारें दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतें. तासाला ५ लीटर पाणी उडविणारा कूलर हवेंतून सव्वातीन युनिटांहून अधिक उष्णता काढतो, आणि त्यासाठीं पंखा व पंप मिळून त्याला दोनशें वॅटच्या आसपासच वीज लागते. पण तेंच पाणी रोज आणावयाचें आहे, हें मराठवाड्यांतील टंचाईच्या गांवीं विसरून चालत नाहीं. तेथें विजेबरोबर पाण्याच्या टँकरचाही हिशेब मांडावा लागतो. कूलर लावतांना समोरची खिडकी किंवा दार थोडें उघडें असावें, म्हणजे ओलावलेली हवा बाहेर जाईल. बंद खोलींतील कूलर तासाभरांत निरुपयोगी होतो. आणि टांकी आठवड्यांतून एकदां पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डांस असल्याच सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो.

जेथें हवाच दमट, तेथें वातानुकूलन यंत्राला पर्याय थोडा. या यंत्राचा जन्मच ओलाव्याशीं झगडण्यासाठीं झाला. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे आणि आंखडे, त्यामुळें रंगीत छपाई जुळेना. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनियरानें त्यासाठीं हवेंतील ओलावा काबूंत ठेवणारी यंत्रणा योजिली, आणि आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला. यंत्र ‘दीड टनाचें’ असें म्हणतात त्याचा त्याच्या वजनाशीं संबंध नाहीं. चोवीस तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी बाहेर फेंकणारें यंत्र तें एक टनाचें. बर्फाच्या कारखान्यांच्या काळापासून हें माप चालत आलें आहे.

मोठें यंत्र अधिक चांगलें, ही समजूत खरी नाहीं. फाजील मोठें यंत्र खोली भरकन् थंड करून थांबतें, आणि हवेंतील ओलावा गोळा करण्यास त्याला पुरेसा वेळ मिळत नाहीं. खोली गार पण चिकट राहते. सावलींतील लहानशा निजण्याच्या खोलीस एक टन बहुधा पुरतो. तीच खोली उघड्या गच्चीखालीं असेल, तर दीड लागतो. म्हणजे गच्ची पांढरी करण्याचा खर्च यंत्राच्या किमतींतूनच वसूल होऊं शकतो.

राहिला तार्‍यांचा हिशेब. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलावर तारे असतात. त्यांच्याबरोबर वर्षाला किती युनिटें लागतील तो आंकडाही असतो, आणि तो १,६०० तासांच्या वापरावर धरलेला असतो. समजा, एका यंत्राला १,००० युनिटें लागतात, अधिक तार्‍यांच्या यंत्राला ८००, आणि किमतींत १०,००० रुपयांचें अंतर आहे. युनिटास १० रुपये धरल्यास १,६०० तास वापरणार्‍या कुटुंबाची बचत वर्षाला २,००० रुपये, म्हणजे पांच वर्षांत जादा पैसे परत. परंतु ज्या घरीं यंत्र साठ रात्रीं, रोज सात तास, म्हणजे ४२० तासच चालतें, तेथें बचत ५२५ रुपयांच्या आसपास येते, आणि जादा पैसे परत यावयास एकोणीस वर्षें लागतात. तितकें यंत्राचें आयुष्यही नसतें. मुंबईस आठ महिने यंत्र चालविणार्‍यानें अधिक तारे घ्यावेत. पुण्यास दीडदोन महिने वापरणार्‍यानें मध्यम तार्‍यांवर समाधान मानून उरलेले पैसे पंख्यांत घालावेत. लेबलावरील सालही अवश्य वाचावें, कारण तार्‍यांची कसोटी वेळोवेळीं कडक केली जाते, आणि जुन्या सालचे पांच तारे नव्या सालच्या पांचांच्या बरोबरीचे नसतात.

विकत घेतल्यावरचा खर्च वापरणार्‍याच्या बोटांत असतो. उष्णतामान एक अंशानें वर ठेवलें, कीं सुमारें शेंकडा सहा वीज वांचते, असें ब्यूरोनें म्हटलें आहे. २०२० पासून तारांकित यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर असावींत असा नियमही झाला. २६ किंवा २७ अंशांवर यंत्र ठेवून वर पंखा मंद फिरविला, तर निजण्यास तितकाच आराम मिळतो. विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो, त्यामुळें वरच्या टप्प्यांतील प्रत्येक युनिट सर्वांत महाग पडतें, आणि वांचविलेलें युनिटही त्याच महाग दराचें असतें. यंत्राची जाळी पंधरा दिवसांनीं धुणें ही बचत तर फुकटच आहे.

थंडीचा प्रश्न महाराष्ट्रांत लहान आहे. नाशिक-निफाडकडील कडाक्याच्या रात्री सोडल्या तर रजई पुरते. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली येथें राहणार्‍या मराठी कुटुंबांना मात्र तो टाळतां येत नाहीं. तारेचा हीटर एका युनिटापासून एका युनिटाचीच उष्णता देतो. उलट चालूं शकणारें वातानुकूलन यंत्र बाहेरच्या हवेंतील उष्णता आंत ओढून तितक्याच विजेंत सुमारें तिप्पट देतें. तेथें यंत्र घ्यावयाचेंच असेल, तर दुहेरी घेणें फायद्याचें. मिटल्या खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. त्या धुगधुगींतून निघणार्‍या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं.

सारांश, खर्चाचा क्रम असा लावावा: आधीं सावली व पांढरी गच्ची, मग चांगला पंखा, आणि त्यानंतर हवा पाहून यंत्र. विदर्भ-मराठवाड्यांत पाणी असेल तर कूलर. किनार्‍यावर एका खोलीपुरतें वातानुकूलन. पुण्यासारख्या मध्यम हवेंत पुष्कळ घरांना पहिल्या दोन उपायांनींच भागतें. दुकानांत जाण्यापूर्वीं दुपारीं तीन वाजतां गच्चीवर आणि रात्रीं दहा वाजतां निजण्याच्या खोलींत एकेक फेरी मारून भिंतींना व छताला हात लावून पाहावा. कोणत्या बाजूनें घर तापतें, हें तो हात विक्रेत्यापेक्षां अधिक खरें सांगतो.