यीस्टचा संसर्ग : जुन्या आजारासाठी नव्या औषधांचा शोध

मानवी शरीरात यीस्ट या एकपेशीय बुरशीचे वास्तव्य नेहमीच असते. कॅन्डिडा नावाचे यीस्ट निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि स्त्रियांच्या योनिमार्गात कोणताही त्रास न देता राहते. शरीरातील उपयुक्त जीवाणू आणि रोगप्रतिकारशक्ती त्याची वाढ रोखून धरतात. हा समतोल बिघडला की मात्र त्याचे संसर्गात रूपांतर होते.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसणे, हे या संसर्गाचे परिचित लक्षण आहे. चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गातील यीस्टचा संसर्ग होतो. मधुमेह, गर्भावस्था, स्टिरॉइडचे उपचार आणि प्रतिजैविकांचा वापर ही त्याची प्रमुख कारणे आहेत. असे संसर्ग योग्य उपचाराने बरे होतात. मात्र अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात यीस्ट शिरल्यास प्राणावर बेतू शकते.

औषधे मोजकीच का?

जीवाणूंवर गुणकारी ठरणारी पेनिसिलीनसारखी औषधे यीस्टवर निष्प्रभ ठरतात. उलट, उपयुक्त जीवाणूंचा नाश झाल्याने यीस्टला वाढण्यास मोकळीक मिळते. शिवाय बुरशीच्या पेशीची रचना मानवी पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशीला मारणारे अनेक पदार्थ रुग्णालाही अपायकारक ठरतात.

संशोधकांना एक महत्त्वाचा फरक मात्र उपयोगी पडला. मानवी पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल. अमेरिकेतील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी १९५० मध्ये मातीतील जीवाणूपासून निस्टॅटिन हे औषध मिळवले. ते अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि आवरणाला छिद्रे पाडते.

काशी ते पिंपरी

या शोधपरंपरेत भारताचाही वाटा आहे. वाराणसीतील दुर्गाघाट परिसर मराठी कुटुंबांची जुनी वस्ती म्हणून ओळखला जातो. त्याच नगरीतील काशी हिंदू विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले बुरशींचे अभ्यासक डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत संशोधन विभागाचे नेतृत्व केले. १९५४ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी पेनिसिलीनच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होती. तेथे तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ते ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याला पिंपरीवरूनच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव देण्यात आले.

हॅमायसिनचे कार्य निस्टॅटिनप्रमाणेच चालते. तोंडातील आणि योनिमार्गातील कॅन्डिडाच्या संसर्गावर त्याचा उपयोग झाला. परंतु ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि शरीरात नीट शोषलेही जात नाही. त्यामुळे त्याचा वापर प्रामुख्याने बाह्य उपचारांपुरता मर्यादित राहिला. प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले औषध रक्तातील संसर्गापर्यंत पोहोचवणे किती अवघड असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नवे आव्हान

२००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नव्या यीस्टला 'कॅन्डिडा ऑरिस' असे नाव देण्यात आले. लॅटिनमध्ये 'ऑरिस' म्हणजे कान. २०१३ मध्ये दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी भारतीय रुग्णालयांतील त्याच्या प्रादुर्भावाची माहिती प्रसिद्ध केली. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला हे यीस्ट बहुधा दाद देत नाही. रुग्णालयातील खाटा व उपकरणांवर ते दीर्घकाळ टिकून राहते आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. २०२१ मध्ये अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावरही ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रोगकारक बुरशींची पहिली प्राधान्ययादी जाहीर केली. तिच्यातील १९ बुरशींपैकी चार सर्वांत धोकादायक गटात आहेत. कॅन्डिडा ऑरिस आणि नेहमी आढळणारे कॅन्डिडा अल्बिकन्स या दोहोंचा त्यात समावेश आहे.

काळजी काय घ्यावी?

नवी औषधे हाती येईपर्यंत उपलब्ध औषधांचा परिणाम टिकवून ठेवणे आवश्यक आहे. सर्दी-पडशासाठी स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. खाज येते म्हणून दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावू नये. त्यामुळे तात्पुरता आराम वाटला तरी संसर्ग बळावतो. डॉक्टरांनी सांगितलेला उपचार लक्षणे ओसरल्यावरही पूर्ण करावा. संसर्ग वारंवार होत असल्यास रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. संकोचामुळे हा आजार लपवण्याचे कारण नाही. वेळीच निदान झाल्यास त्यावर सहज उपचार होऊ शकतात.