छायाचित्रांमागचे बोंतोक

बागियोहून निघालेली बस हाल्सेमा महामार्गाला लागली की खिडकीबाहेर कोबी, बटाटा आणि गाजराचे मळे सुरू होतात. उभे राहणेही अवघड वाटावे अशा उतारांवर हे मळे चढत गेलेले असतात. अटोकजवळ रस्ता २,२५५ मीटर उंची गाठतो, मग घाट उतरणीला लागतो आणि पाच-सहा तासांनी चिको नदीच्या अरुंद खोऱ्यात बोंतोक दिसते. पत्र्याची छपरे, सिमेंटच्या तीन-चार मजली इमारती, तिचाकी रिक्षांची वर्दळ. फिलिपीन्सच्या माउंटन प्रॉव्हिन्स या डोंगरी प्रांताची ही राजधानी. वस्ती सुमारे २४ हजार.

पहिल्या नजरेत गाव मन ओढून घेत नाही. बानावेची भातखाचरे किंवा सगादाच्या कड्यावर टांगलेल्या शवपेट्या पाहायला निघालेले बहुतेक प्रवासी इथे फक्त गाडी बदलतात. त्यांनी एक मुक्काम करावा असे मनापासून वाटते. इगोरोत लोकांबद्दल बाहेरच्या जगाने काय पाहिले, काय मुद्दाम दाखवले आणि त्याला या लोकांनी काय उत्तर दिले, याचे धागे सर्वांत जास्त या गावात येऊन मिळतात.

इगोरोत ही एकच जमात नव्हे. उत्तर लुझॉनमधल्या कॉर्डिलेरा पर्वतरांगेत राहणाऱ्या इबालोय, कांकनाय, बोंतोक, इफुगाओ, कलिंगा, इस्नेग अशा अनेक समाजांचे ते सामायिक नाव आहे. इफुगाओ आणि कलिंगांपैकी बरेच जण आजही आपल्या जमातीचेच नाव सांगणे पसंत करतात. बेंगेतच्या सोन्याची कीर्ती ऐकून स्पॅनिशांनी या डोंगरांत मोहिमा काढल्या, पण तीनशे वर्षांच्या राजवटीत त्यांना इथे पाय रोवता आले नाहीत. बोंतोकला त्यांचे ठाणे पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात सखल भागातले लोक ख्रिस्ती झाले, कर भरू लागले, आणि डोंगरातले ‘रानटी’ ठरले. सगादात आयुष्य घालवलेले इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी जन्मभर हेच दाखवून दिले, की डोंगरी आणि मैदानी फिलिपिनो ही फूट वंशाची नाही, वसाहतवादाने पाडलेली आहे. जे जिंकले गेले नाहीत त्यांना मागासलेले ठरवण्यात आले, ही गोष्ट इथल्या माणसांना अजून बोचते, आणि न जिंकले गेल्याचा त्यांना अभिमानही वाटतो.

जुने बोंतोक समजून घ्यायचे तर ‘अटो’पासून सुरुवात करावी. सपाट दगडांनी फरसबंद केलेले छोटे अंगण, बसायला कडेने दगड, शेजारी ठेंगणी झोपडी. वस्ती अशा अनेक अटोंमध्ये विभागलेली असे. प्रत्येक कुटुंब कुठल्या ना कुठल्या अटोचे. पेरणी केव्हा करायची, कोणाला दंड करायचा, शेजारच्या गावाशी भांडायचे की तह करायचा, हे तिथे जमलेले म्हातारे ठरवत. एकटा राजा किंवा सरदार या समाजात नव्हताच. मोठी होत चाललेली मुले रात्री अटोच्या झोपडीतच झोपत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून गावाचा कायदा आणि कथा ऐकत. मुलींसाठी ‘ओलोग’ हे वेगळे शयनगृह असे. या ओलोगवरून पाश्चात्त्य प्रवाशांनी नको त्या चवीने पुष्कळ लिहिले. लग्ने जुळण्याची ती समाजमान्य, नियमांनी बांधलेली जागा होती, हे सांगण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले.

गावाजवळच्या ‘पापाताय’ या राखलेल्या झाडीला आपण सरळ देवराई म्हणू शकतो. तिथली झाडे तोडायची नाहीत, तिथे लुमाविगच्या नावाने बळी द्यायचा. लुमाविग हा आकाशातून उतरून बोंतोकच्या मुलीशी लग्न केलेला आणि माणसांना जगायचे कसे ते शिकवणारा देव. सण ठरला की शेताची कामे बंद. ‘गांग्सा’ ही काशाची सपाट थाळी घुमू लागली की पुरुष ती हातात घेऊन वाजवत वाजवतच गोल धरतात, बायका हात पसरून त्यांच्याभोवती येतात. लग्नाच्या जेवणावळीनंतर मांसाचे वाटे घरोघर पोहोचवायची रीत अजून टिकून आहे, आणि कोणाच्या घरी वाटा चुकला तर ते विसरले जात नाही.

नदीपलीकडचे सामोकी हे कुंभारणींचे गाव. मडकी घडवण्याचे काम इथे बायकांचे, हातमागाचेही. कमरेला पट्टा बांधून, ताणा स्वतःच्या शरीराने ताणून धरत विणलेली लाल-काळ्या पट्ट्यांची वस्त्रे आता समारंभात, शाळेच्या कार्यक्रमात, परदेशी गेलेल्या मुलांच्या लग्नात दिसतात. गावापासून काही किलोमीटरवर मालिगकोंगची भातखाचरे आहेत. जागतिक वारशाच्या यादीतल्या पाच खाचर-समूहांत त्यांचा समावेश नाही, ती यादी शेजारच्या इफुगाओची. मालिगकोंगचे बांध मात्र दगडी आहेत. हे दगड नदीतून आणि डोंगरातून माणसांनी पाठीवर वाहून आणले. बांध ढासळला की शेजारीपाजारी मिळून तो पुन्हा रचतात. ही खाचरे केवळ देखावा म्हणून पाहणे म्हणजे त्यांतले निम्मे न पाहणे.

मदर बेसिल गेकिएर या बेल्जियन ननने उभे केलेले बोंतोक संग्रहालय छोटे आहे, पण अर्धा दिवस तिथे सहज जातो. भाले, ढाली, शिरच्छेदाच्या कुऱ्हाडी, टोपल्या, दागिने, जुनी छायाचित्रे. मागच्या बाजूला अटो, ओलोग आणि घरांसह जुन्या वस्तीची प्रतिकृती. शत्रूचे मुंडके आणण्याची प्रथा इथे लपवलेली नाही. ती होती, तिचे विधी होते, ती थांबली. जी गोष्ट बाहेरच्यांनी इगोरोतांची एकमेव ओळख करून टाकली, ती इथे चुली, माग आणि कोयत्यांच्या सोबतीने, आपल्या योग्य आकारात दिसते.

अमेरिकन सत्ता आली आणि बोंतोक कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. मानवशास्त्रज्ञ अल्बर्ट जेंक्स १९०३ मध्ये काही महिने इथे राहिला, त्याचा ‘द बोंतोक इगोरोत’ हा ग्रंथ १९०५ चा. आजही तो उपयोगी पडतो. वसाहतीचा गृहसचिव डीन वूस्टर मात्र छायाचित्रांचे राजकारण करत होता. फिलिपिनो स्वराज्याला लायक नाहीत हे अमेरिकेत पटवायला त्याला लंगोटीतला इगोरोत हवा होता. १९१४ च्या त्याच्या पुस्तकात पिट-अ-पिट नावाच्या बोंतोक मुलाची चित्रे आहेत. आधी उघडा पोरगा, शेवटी पाश्चात्त्य पोशाखातला तरुण, म्हणजे अमेरिकेने घडवलेला ‘कायापालट’. तो मुलगा पुढे हिलरी क्लॅप या नावाने डॉक्टर झाला आणि १९३० च्या दशकात याच प्रांताचा प्रतिनिधी म्हणून मनिलाच्या कायदेमंडळात बसला. वूस्टरला हवा होता एक नमुना. त्याच नमुन्यातून एक आमदार निघाला, हे मला त्या छायाचित्रांतले सर्वांत मोलाचे वाटते.

अमेरिकन राजवटीच्या त्या सुरुवातीच्या काळात समुद्रापार जे घडले ते अधिक वाईट होते. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात ४७ एकरांवर फिलिपीन्सची ‘वसाहत’ उभारली गेली. सुमारे ११०० फिलिपिनो आणले गेले, त्यांत बोंतोकचे आणि सुयोकचे इगोरोत होते. तिकीट काढून आलेल्या गर्दीला कुत्र्याचे मांस खाणारे लोक पाहायचे होते. बोंतोकमध्ये कुत्रा विधीसाठी, क्वचितच मारला जाई; प्रदर्शनात तोच रोजचा खेळ झाला. सुयोकची तरुणी माउरा प्रदर्शन सुरू होण्याआधीच न्यूमोनियाने मेली. त्या काळात तिथे मरण पावलेल्या फिलिपिनोंचे मेंदू स्मिथसोनियनने संग्रहासाठी काढून घेतल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांनी पुराव्यानिशी मांडले, आणि एकशेवीस वर्षांपूर्वीचे हे दुःख कॉर्डिलेरातल्या घराघरांत पुन्हा आले. बोंतोकला अधिकारी असलेल्या ट्रुमन हंटने १९०५ मध्ये आणखी एक तुकडी नेली, कोनी आयलंडच्या जत्रेत मांडली, गावोगाव फिरवली आणि त्यांची कमाई गिळली. पुढल्या वर्षी त्याला अटक झाली. त्या खटल्यात इगोरोतांनी साक्षी दिल्या.

अन्याय फक्त परक्यांनीच केला असे नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झालेले कार्लोस रोमुलो यांनी १९४३ च्या ‘मदर अमेरिका’त इगोरोत हे फिलिपिनो नव्हेत असे लिहून ठेवले. त्याआधी ४४ वर्षे, १८९९ च्या फेब्रुवारीत, बोंतोकचे शेकडो पुरुष भाले-कुऱ्हाडी घेऊन मनिलाजवळ कालोओकानला अमेरिकन बंदुकांसमोर लढले होते, ते याच देशासाठी. २००९ मध्ये बागियोतल्या एका कार्यक्रमात एका विनोदी अभिनेत्रीने ‘मी माणूस आहे, इगोरोत नाही’ अशा आशयाची टर उडवली आणि शहराच्या कौन्सिलने तिला अवांछित व्यक्ती जाहीर केले. २०२१ मध्ये शालेय पाठांत इगोरोतांची अवमानकारक वर्णने सापडली आणि शिक्षण खात्याला ती मागे घ्यावी लागली.

छायाचित्राचे उत्तर छायाचित्राने दिले ते एदुआर्दो मासफेरे यांनी. १९०९ मध्ये सगादात जन्म, वडील स्पॅनिश, आई कांकनाय. पुस्तके मागवून छायाचित्रण स्वतःच शिकले, बोंतोकमध्ये स्टुडिओ काढला. १९३४ ते १९५६ या काळातली त्यांची छायाचित्रे १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आली. लावणी करणाऱ्या बायका, अटोत चिलीम ओढणारे म्हातारे, गोंदलेले दंड. विषय वूस्टरचेच, पण इथली माणसे छायाचित्रकाराला ओळखतात, त्याच्याकडे सहजपणे पाहतात. मासफेरे यांना कोणालाही सुधारून दाखवायचे नव्हते. १९९५ मध्ये ते गेले. कॉर्डिलेराचा चेहरा म्हणून आज जे आठवते, त्यातले बरेचसे त्यांच्या छायाचित्रांत उमटलेले आहे.

गावातून वाहणारी चिको मात्र नुसती पार्श्वभूमी नाही. १९७४ मध्ये मार्कोस सरकारने जागतिक बँकेच्या पाठबळावर या नदीवर चार धरणांचा आराखडा आणला. बोंतोक आणि कलिंगांची खाचरे, गावे, पूर्वजांची थडगी पाण्याखाली जाणार होती. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची मुंडकी उडवणारी गावे शांततेच्या तहांनी एकत्र बांधली गेली. हे तह इथे ‘पेचेन’ आणि कलिंगात ‘बोदोंग’ म्हणून पूर्वापार होते. त्यांचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला. बायकांनी सर्वेक्षणाचे तंबू उखडून टाकले. बोंतोकचे सुपुत्र बिशप फ्रान्सिस्को क्लावेर लोकांच्या बाजूने उभे राहिले. २४ एप्रिल १९८० च्या रात्री बुगनाय गावात सैनिकांनी कलिंगा नेते मक्लिइंग दुलाग यांना घरात गोळ्या घातल्या. धरणे झाली नाहीत. जागतिक बँकेने माघार घेतली, आणि १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्यामागे या लढ्याचे बळ होते. बुगनायमध्ये उभारलेले वीरांचे स्मारक सरकारी आदेशाने २०२१ मध्ये पाडले गेले. कशाचे चित्र ठेवायचे आणि कशाचे पुसायचे हा वाद अजून संपलेला नाही.

कलिंगातल्या बुस्कालान गावाला जाणाऱ्यांच्या जीपही बोंतोकहूनच सुटतात. तिथल्या वांग-ओद या कलिंगा गोंदणकर्त्या आजी एप्रिल २०२३ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, ‘व्होग फिलिपीन्स’च्या मुखपृष्ठावर झळकल्या. त्यांच्याकडून गोंदवून घ्यायला निघालेल्यांनी वाटेत संग्रहालयात गोंदणाचा अर्थ पाहून जावे.

गाव बघायला एप्रिल उत्तम. पाऊस अजून दूर असतो आणि प्रांताच्या वर्धापनदिनानिमित्त लांग-आय उत्सवात सगळ्या तालुक्यांची पथके गांग्सा घेऊन रस्त्यावर उतरतात. महिन्याच्या २४ तारखेला मक्लिइंग यांच्या स्मृतीत ‘कॉर्डिलेरा दिन’ असतो. त्या वर्षीचा मेळावा ज्या गावात ठरेल तिथे डोंगरभरातून लोक जमतात, भात आणि मांस एकत्र शिजते आणि जमीन, खाणी, धरणे यांवर भाषणे होतात. बाहेरच्यांनाही तिथे बसायला जागा असते.