इंजिन चालू, गाडी जागेवर
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

गटाच्या गाडीबद्दल एकदा बोला, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. आज बोलते. मी मिस्त्री नाही. आमच्या पापड गटाचा हिशेब ठेवते आणि माल आणायला गाडीबरोबर जाते. त्यामुळे जे सांगणार आहे ते शेजारच्या सीटवर बसून शिकलेलं आहे.

आमची पिकअप जुनी, चारही चाकांना जोर देता येणारी. वाडीचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा, म्हणून मुद्दाम तशी घेतली. चालवते आमच्या गटातलीच एक सून. होळी होऊन गेल्यावर पुण्याला मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून उडदाची पोती भरली आणि संध्याकाळी घरी निघालो. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ लागतो, तिथे पुढचा ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. ट्रक हलला, हिने क्लच सोडला आणि मागून ‘ठण्ण’ असा आवाज आला. इंजिन जोरात घुमायला लागलं, गाडी मात्र मागे सरकायला लागली.

हा उतार तुम्हाला ऐकून माहीत असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका ट्रकच्या धडकेत कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं होतं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, असं पोलीस परत परत सांगतात, कारण गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. आता गंमत बघा. इंजिनपासून चाकापर्यंतची साखळी तुटली, की तुम्ही पहिला गिअर टाकलेला असला तरी गाडी न्यूट्रलच असते. गिअर तिला धरत नाही. आमच्या गाडीत तर हँडब्रेकसुद्धा चाकाला नाही, मधल्या शाफ्टवर आहे. जुन्या बनावटीच्या काही गाड्यांत तो तसाच असतो. हिने हँडब्रेक ओढला, काही उपयोग झाला नाही. पायातला ब्रेक तेवढा चाकांवर लागतो. तो तिने दाबून धरला आणि इंजिन बंद केलं नाही, हे फार बरं केलं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत थोड्या वेळात संपते आणि पेडल दगडासारखं होतं. मी उतरून मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. तेव्हापासून आमच्या सीटखाली लाकडाचे दोन ठोकळे असतात.

आता साखळी म्हणजे काय ते सांगते. गिरणीची मोटार फिरते, पट्ट्यावरून जोर जातो, जातं फिरतं. पट्टा सुटला तर मोटार नुसतीच फिरते. गाडीत असे पाच-सहा पट्टे एकापुढे एक आहेत, असं समजा. इंजिननंतर क्लच, मग गिअर बॉक्स, मग ट्रान्सफर केस. ही ट्रान्सफर केस फक्त अशा फोर-बाय-फोर गाडीत असते. तिच्यातून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि एक पुढे. शाफ्टच्या टोकाला डिफरन्शियल, म्हणजे मागच्या धुरीच्या मध्यावर दिसतो तो गोल डबा. त्यातून दोन्ही चाकांना एकेक एक्सल जातो. यातलं काहीही तुटलं तरी बाहेरून दिसतं एकच : इंजिन चालू, गाडी जागेवर.

म्हणून गॅरेजमध्ये पहिलं उत्तर येतं ते क्लच प्लेटचं. कधी ते खरंही असतं. पण क्लच सहसा असा एकदम जात नाही. आधी पंधरा दिवस चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी सुस्त होते, जळका वास येतो. आम्हाला वास आला नव्हता, आवाज आला होता.

सगळ्यात आधी ट्रान्सफरचा छोटा दांडा बघा. तो कधी मधेच न्यूट्रलवर सरकलेला असतो किंवा कुणाचा पाय लागलेला असतो. तसं असेल तर खर्च शून्य. आमचा दांडा जागेवर होता.

मग मी हिला ब्रेक दाबूनच क्लच हळू सोडायला सांगितलं आणि स्पीडच्या काट्याकडे बघितलं. गाडी उभी आणि काटा वीसवर! आमच्या गाडीत काट्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. म्हणजे क्लच, गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस तिथपर्यंत फिरवत होते. तुटलंय ते त्याच्या मागे. (नव्या गाड्यांत काटा वेगळ्या ठिकाणाहून चालतो, तिथे ही खूण धरू नका.) मग बाजूला दोन हात लांब उभी राहून बॅटरीच्या उजेडात खाली बघितलं. मागचा लांब शाफ्ट डब्यापर्यंत अखंड फिरत होता. तो लोंबकळत असता तर त्याचा क्रॉस तुटला म्हणायचं. गाडी गिअरमध्ये असताना कुणीही, अगदी मिस्त्रीनेसुद्धा, खाली जायचं नाही. पदर, ओढणी आधी खोचून घ्या.

शाफ्ट फिरतोय आणि चाक फिरत नाही, म्हणजे एक्सल किंवा डिफरन्शियल. इथे एक शंका येते. एकाच बाजूचा एक्सल तुटला तर दुसरं चाक का ओढत नाही? मोटारीला दोन पाइप जोडलेत आणि एक फुटला, तर दुसऱ्याला धार येते का? सगळं पाणी फुटक्या जागेतून जातं. डिफरन्शियलचंही तसंच, जी बाजू ढिली तिकडेच सगळी फिरकी जाते.

आता फोर-बाय-फोरचा फायदा. पुढच्या चाकांच्या मध्यावर जे लॉक असतात ते हाताने ‘लॉक’वर फिरवले. रस्त्याच्या बाजूचं फिरवताना एक जण मागे बॅटरी दाखवत उभी होती. मग छोटा दांडा फोर-व्हीलवर टाकला. गाडी पुढच्या चाकांवर रडत रडत का होईना, डाव्या कडेला आली. यानेही निदान पक्कं झालं : पुढची बाजू ओढते, म्हणजे दोष मागेच. घरापर्यंत मात्र तशी नेऊ नका. भार मागे असतो, पुढची चाकं चढाला घसरतात. मागचं चाक तिरकं दिसत असेल किंवा चाकातून तेल येत असेल तर एक इंचही हलवू नका. काही गाड्यांत चाक एक्सलच्याच आधारावर असतं, ते शाफ्टसकट बाहेर येतं. आम्ही क्रेन बोलावली.

गॅरेजमधला पोरगा म्हणाला, ‘‘ताई, क्लच प्लेट. गिअर बॉक्स उतरवावा लागेल.’’ म्हटलं, ‘‘दादा, काटा चालतोय, शाफ्ट फिरतोय. तू आधी मागच्या दोन्ही चाकांच्या टोप्या खोल.’’ आमच्या गाडीत बोल्ट काढले की एक्सल चाक न उतरवता ओढून निघतो. डावीकडचा अर्धाच हातात आला.

इकडे गावात तोवर बोलणं सुरू झालं होतं, बाईमाणसाच्या हातात गाडी दिली, झटका देऊन मोडली. म्हणून मी तो तुकडा बैठकीत नेला आणि सतरंजीवर ठेवला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत होता. उरलेला भाग चकचकीत, खडबडीत, साखरेसारखा. चकचकीत भाग त्या दिवशी तुटलेला. काळा भाग म्हणजे कित्येक महिन्यांपासून आत जात असलेली जुनी चीर. आम्ही गाडी घेण्याच्याही आधीपासूनची असेल कदाचित, आणि आम्ही भार भरतो तोही जास्तच, हे मी तिथे कबूल केलं. आमच्या ड्रायव्हरने तुकडा उचलून दोनदा फिरवून पाहिला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी तिच्याकडेच होती.

सामान आणायला नाना पेठेत गेलात तर दोन्ही तुकडे पिशवीत घालून न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून जुन्या गाडीचा एक्सल बरोबर मिळेलच असं नाही. टोकाचे दाते मोजा, लांबी दोन तुकडे जुळवून मापा. आतला तुकडा डब्यात राहिला असेल तर तो काढल्याशिवाय नवा बसवू देऊ नका आणि डब्यातलं तेल पूर्ण काढून बदलायला लावा. आमच्या तेलात लोखंडाचा चुरा निघाला, चिमूटभर.